मॉरिशसचा 'समुद्राखालचा धबधबा' खरा आहे का? रीलमध्ये दिसणाऱ्या बेटामागची पूर्ण गोष्ट

निळ्याशार समुद्राच्या मधोमध पाणी एखाद्या खोल दरीत कोसळतंय, असा आकाशातून काढलेला व्हिडिओ तुमच्या फीडवर एकदा तरी आला असेल. शेजारी एक उंच काळा डोंगर, खाली पांढरी पुळण आणि कॅप्शनमध्ये लिहिलेलं असतं: 'मॉरिशस, जगातला एकमेव समुद्राखालचा धबधबा.'

व्हिडिओ खोटा नाही. ती जागाही खरी आहे. पण तिथे धबधबा नाही.

मॉरिशसमधल्या बऱ्याच प्रसिद्ध जागांचं असंच आहे. फोटोत जे दिसतं त्यामागची गोष्ट वेगळी असते आणि बऱ्याचदा फोटोपेक्षा जास्त रंजक असते. हे बेट कसं तयार झालं, तिथे काय पाहण्यासारखं आहे आणि त्यातलं किती आज धोक्यात आहे, हे समजून घेऊया.

थोडक्यात मॉरिशस

• कुठे आहे: हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर.
• आकार: मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर.
• सर्वांत उंच शिखर: पितों द ला पेतीत रिव्हिएर न्वार, ८२८ मीटर.
• स्वातंत्र्य: १२ मार्च १९६८. प्रजासत्ताक: १२ मार्च १९९२.
• राजधानी: पोर्ट लुई.
• वेळ: भारतापेक्षा दीड तास मागे.

मग तो धबधबा म्हणजे नक्की काय?

बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न ब्राबाँ नावाचा ५५६ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी समुद्र उथळ आहे. बेटाभोवतीचा हा उथळ तळ किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत जातो आणि मग एकदम खोल उतरतो. त्यापलीकडे महासागराची खोली हजारो मीटर आहे.

समुद्राचे प्रवाह उथळ भागातली पांढरी वाळू आणि गाळ या कडेकडे ओढत नेतात. स्वच्छ पाण्यातून वरून पाहिलं की वाळूचे फिकट पट्टे कडेवरून खाली घसरताना दिसतात आणि त्यांच्या पुढे खोल पाण्याचा गडद निळा रंग असतो. फिकट आणि गडद रंगांच्या या मांडणीमुळे आपल्या डोळ्यांना पाणीच कोसळतंय असं वाटतं. म्हणजे हा दृष्टिभ्रम आहे. वाळू खरोखर सरकते, पण पाण्यात पाणी कोसळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हे दृश्य फक्त उंचावरून दिसतं. किनाऱ्यावर उभं राहून किंवा बोटीत बसून तिथे फक्त निळं पाणी दिसेल. त्यासाठी हेलिकॉप्टरची फेरी घ्यावी लागते आणि ती स्वस्त नसते. बोटीतून 'समुद्राखालचा धबधबा' दाखवू असं कोणी सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे खरा समुद्राखालचा धबधबाही जगात आहे. ग्रीनलँड आणि आइसलँड यांच्यामध्ये, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत, थंड आणि जड पाणी उबदार पाण्याच्या खाली जाऊन सुमारे साडेतीन हजार मीटर खाली उतरतं. पण ते वरून अजिबात दिसत नाही, त्यामुळे त्याचं रील होत नाही.

सह्याद्री आणि मॉरिशस यांचं नातं

मॉरिशसचा किनारा पांढरा असला तरी बेट काळ्या कातळाचं आहे. हा कातळ म्हणजे बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला. आपल्या सह्याद्रीचा, रायगड-राजगडाचा आणि अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली आहेत तो पाषाणही बेसॉल्टच.

हा निव्वळ योगायोग नाही. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खूप खोलवरून उष्ण पदार्थ सतत वर येत असतो. अशा जागेला भूशास्त्रात 'हॉटस्पॉट' म्हणतात. हॉटस्पॉट साधारण आपल्या जागी राहतो आणि त्याच्या वरून भूपट्ट सरकत जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या जागेच्या खूप दक्षिणेला होता. तेव्हा ज्या हॉटस्पॉटवर लाव्हाचे प्रचंड थर साचून दख्खनचं पठार घडलं, त्याच हॉटस्पॉटवर पुढे मॉरिशस घडलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची एक रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटं याच रांगेवर आहेत. मॉरिशस त्यामानाने तरुण आहे. ते समुद्रातून वर आलं सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी. आज हा हॉटस्पॉट शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही जागा आहे.

मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र शांत झाले आहेत. क्यूरपीप शहरातलं त्रू ओ सेर्फ हे त्यांपैकी एकाचं मुख. आज ते झाडांनी भरलेलं आहे आणि भोवती लोक सकाळी फिरायला येतात. कडेवरून बेटाच्या मध्यभागातले डोंगर चांगले दिसतात.

या कातळात एक कोडंही सापडलं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या खडकात सुमारे ३०० कोटी वर्षं जुने झिरकॉन या खनिजाचे कण सापडल्याचं जाहीर केलं. बेटाचं वय ८० लाख वर्षं आणि त्यातले कण इतके जुने कसे? लाव्हा वर येताना खाली गाडल्या गेलेल्या एका प्राचीन भूखंडाच्या तुकड्यातून आला आणि ते कण सोबत घेऊन आला, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्या तुकड्याला 'मॉरिशिया' असं नाव दिलं आहे.

शामारेल: सात रंगांची माती

नैऋत्येकडच्या शामारेल गावाजवळ मातीच्या लहान टेकड्या आहेत. लाल, तपकिरी, जांभळट, पिवळसर अशा अनेक छटा त्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. म्हणून नाव 'सात रंगांची माती'. मोजायला गेलात तर सातच भरतील असं नाही.

माती कोणी रंगवलेली नाही. उष्ण आणि पावसाळी हवेत बेसॉल्ट हजारो वर्षं कुजत गेला. विरघळणारी खनिजं पावसाबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. मुख्यतः त्यांच्या कमी-जास्त प्रमाणामुळे रंग वेगवेगळे दिसतात. कोकणातला जांभा दगड ज्या प्रक्रियेतून तयार होतो, तीच ही प्रक्रिया. मुरुड किंवा रत्नागिरीच्या माणसाला शामारेलची लाल माती परकी वाटणार नाही.

या मातीत पोषक द्रव्यं जवळजवळ उरलेलीच नाहीत, त्यामुळे टेकड्यांवर गवतही उगवत नाही. लोकांनी वर चढू नये म्हणून भोवती कठडा आहे.  ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, रंग जास्त उठून दिसतात. त्याच आवारात शामारेलचा धबधबा आहे. तो ८० मीटरहून जास्त उंचीवरून कोसळतो आणि तो अगदी खरा आहे.

ल मॉर्न: सुंदर डोंगर, जड इतिहास

ज्या डोंगराच्या पायथ्याशी तो व्हिडिओ काढतात, त्या ल मॉर्नला युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. कारण फक्त निसर्ग नाही. मॉरिशसमध्ये फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश अंमलात ऊस आणि इतर मळ्यांवर गुलाम राबवले जात. त्यातले पळून गेलेले लोक या डोंगराच्या कपारींत आणि माथ्यावर लपत. चढण इतकी अवघड की तिथवर पोचणं सोपं नव्हतं.

इथली एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे आले, ते आपल्याला पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. आजही १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

ल मॉर्नच्या कड्यांवर 'बूक्ल दोरेय' म्हणजे 'कानातलं' या नावाचं लाल घंटेसारखं फूल येतं. ते मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे. ही रानटी झाडं जगात फार थोडी आहेत आणि त्यांचं मूळ घर इथेच. ट्रेकला गेलात तर पायवाट सोडू नका, फूल दिसलं तर फक्त फोटो घ्या.

पांढरी वाळू येते कुठून?

काळ्या कातळाच्या बेटाला पांढरा किनारा कसा? उत्तर आहे प्रवाळ. बेटाच्या बहुतेक भागाला प्रवाळाच्या भिंतीने वेढलंय. ही भिंत म्हणजे लाखो सूक्ष्म जीवांनी चुन्यापासून बांधलेलं घर. प्रवाळ, शिंपले आणि इतर सागरी जीवांच्या कवचांचा चुरा होऊन पांढरी वाळू बनते.

ही भिंत लाटाही अडवते. म्हणून भिंत आणि किनारा यांच्यामधलं पाणी, ज्याला लगून म्हणतात, शांत आणि उथळ असतं. भिंत नसेल तर काय होतं ते दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री ग्रीला दिसतं. तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे महासागराच्या लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. जागा पाहण्यासारखी आहे, पण पोहण्यासाठी नाही.

प्रवाळ पाहायला आग्नेयेकडचं ब्लू बे सागरी उद्यान चांगलं आहे. ते विमानतळापासून जवळ आहे आणि २००८ पासून पाणथळ जागांच्या रामसार यादीत आहे. काचेच्या तळाच्या बोटीतून किंवा स्नॉर्कल लावून प्रवाळ आणि मासे दिसतात. पाणी जास्त तापलं की प्रवाळातले रंगीत शैवाल निघून जातात आणि ते पांढरंफटक पडतं. असं वारंवार झालं तर प्रवाळ मरतं. त्यात माणसाने पाय ठेवला, बोटीचा नांगर टाकला की आणखी मोडतं. प्रवाळ गेलं तर वाळू नवी बनणार नाही आणि जी आहे ती लाटा ओढून नेतील. म्हणजे ज्या पुळणीसाठी लोक येतात, ती प्रवाळावर उभी आहे.

२०२० मध्ये काय घडलं?

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर येऊन अडकलं. ६ ऑगस्टपासून त्यातलं इंधन तेल समुद्रात गळू लागलं. सुमारे एक हजार टन तेल लगूनमध्ये पसरलं आणि पुढे जहाजाचे दोन तुकडे झाले. ब्लू बे आणि इल ओ एग्रेत हे बेट, दोन्ही तिथून अगदी जवळ.

कोरोनाचे दिवस होते, बाहेरून मदत यायला वेळ लागणार होता. हजारो लोक स्वतः किनाऱ्यावर आले. उसाची पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून त्यांनी तेल अडवायला तरंगते बांध तयार केले. कापलेले केस तेल शोषतात म्हणून लोकांनी आपले केसही दिले.

डोडो: जो आता दिसणार नाही

मॉरिशसचं चिन्ह म्हणून डोडो सगळीकडे दिसतो. देशाच्या राजमुद्रेवरही तो आहे. हा कबुतराच्या कुळातला, न उडणारा मोठा पक्षी जगात फक्त याच बेटावर होता.

माणूस येण्यापूर्वी मॉरिशसवर शिकार करणारा सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे डोडोला पळायची किंवा उडायची गरजच पडली नव्हती. १५९८ मध्ये डच खलाशी इथे उतरले. त्यांनी आणि त्यांच्या आगेमागे आलेल्या जहाजांनी उंदीर, डुकरं आणि माकडं आणली. डोडो जमिनीवर घरटं करायचा, त्यामुळे त्याची अंडी आयतीच सापडायची. डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. म्हणजे डच आल्यापासून ६४ वर्षांत खेळ संपला. पोर्ट लुईच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये डोडोचा सांगाडा पाहायला मिळतो.

आणि जे पक्षी वाचले

डोडोची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिथेच घडलेली उलटी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी फक्त इथेच सापडतो. जंगलतोड, डीडीटीची फवारणी, माकडं आणि उंदीर मारण्यासाठी सोडलेली मुंगुसं यांमुळे १९७४ मध्ये जंगलात फक्त ४ केस्ट्रेल उरल्याची नोंद झाली. वेल्समधून आलेल्या कार्ल जोन्स यांनी घरट्यांतली अंडी उबवणयंत्रात उबवली. अंडी उचलली की मादी पुन्हा अंडी घालते, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. पिल्लं वाढवून जंगलात सोडली आणि केस्ट्रेलची संख्या शेकड्यांत गेली.

गुलाबी कबुतर हा डोडोचा दूरचा नातेवाईक. १९९० च्या सुमारास जंगलात ही कबुतरं १० च्या आसपास उरली होती. आता ती काहीशे आहेत. एको पोपटाचंही तसंच झालं. हे पक्षी पाहायचे असतील तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जा. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या या उद्यानात दऱ्या, धबधबे आणि पायवाटा आहेत.

पण तिथे दिसणारं प्रत्येक हिरवं झाड मूळचं नाही. चिनी पेरू नावाचं बाहेरून आलेलं झुडूप इतकं माजलंय की स्थानिक झाडांची रोपं त्याखाली वर येऊ शकत नाहीत. बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल २ टक्क्यांहूनही कमी उरलंय. बाकी बेटावर जी हिरवळ दिसते, ती मुख्यतः ऊस.

मूळ जंगल कसं असेल याची कल्पना इल ओ एग्रेतवर येते. माहेबूरजवळच्या समुद्रातलं हे २६ हेक्टरचं बेट १९६५ पासून राखीव आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन तिथे बाहेरची झाडं काढून मूळची लावतं. मॉरिशसची मोठी कासवं नामशेष झाली, म्हणून त्यांच्या जागी सेशेल्समधल्या अल्डाब्राची महाकाय कासवं आणली आहेत. ती एबनीची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी चांगलं रुजतं. इथे वाटाड्याबरोबरच जाता येतं आणि तुमच्या तिकिटाचे पैसे याच कामाला लागतात.

तळं, बाग आणि आपली माणसं

बेटाच्या डोंगराळ भागात ग्राँ बासँ हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं आहे. तिथल्या हिंदूंसाठी ते 'गंगा तलाव'. महाशिवरात्रीला लाखो लोक येतात, त्यातले बरेच जण आपापल्या गावाहून पायी चालत.

उत्तरेला पाँप्लेमूसची वनस्पती बाग आहे. थाळ्यांएवढी नव्हे, परातीपेक्षाही मोठी पानं असलेलं अमेझॉनचं कमळ आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालिपोट ताड तिथे आहे.

मराठी वाचकाला इथे आणखी एक ओळखीचं काही भेटेल. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे लोकही होते. ते जिथे उतरले ती पोर्ट लुईची जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांचे वंशज आजही मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

कधी आणि कसं जायचं?

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, म्हणून ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन असतं तेव्हा तिथे हिवाळा सुरू होतो. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद, नोव्हेंबर ते एप्रिल उष्ण आणि पावसाळी. चक्रीवादळं मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये येतात.

हिवाळ्यात आग्नेयेकडून वारा वाहतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर तो बोचतो. त्या काळात पश्चिमेला राहणं बरं. मध्यभागी उंचावर पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे किनाऱ्यावर कडक ऊन असलं तरी क्यूरपीपला जाताना छत्री घ्या.

नैऋत्येच्या जागा एका दिवसात जोडता येतात: शामारेल, ब्लॅक रिव्हरची दरी आणि ल मॉर्नचा किनारा. गंगा तलावही त्याच वाटेवर. आग्नेयेला ब्लू बे, माहेबूर आणि इल ओ एग्रेत यांसाठी दुसरा दिवस ठेवा. पोर्ट लुई आणि पाँप्लेमूस तिसऱ्या दिवशी.

जाताना हे लक्षात ठेवा:

• प्रवाळावर उभं राहू नका. पाणी कंबरेएवढं असलं तरी खाली दगड नाही, जिवंत प्राणी आहे.
• शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू घरी आणू नका.
• पश्चिमेला तामारिनच्या उपसागरात पहाटे डॉल्फिन दाखवायला बोटी जातात. हे डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करून दिवसा विश्रांतीसाठी इथे येतात. भोवती बोटी गोळा झाल्या आणि लोकांनी उड्या मारल्या की त्यांची झोप मोडते. पैसे देण्याआधी बोटवाल्याला विचारा, तो अंतर ठेवून इंजिन बंद करतो का. नाही म्हणाला तर दुसरी बोट बघा.
• प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे. कापडी पिशवी बरोबर न्या.
• ड्रोन न्यायचा असेल तर परवानगीचे नियम निघण्याआधी तपासा.